जावई गोलात असताना

फसली सन १३५५, इस्फंदार महिन्यातला दुसरा शुक्रवार. इंग्रजी हिशेबानं १९४६ चा जानेवारी. अणदूरला माहेरच्या ओसरीवर मी गहू निवडत बसले होते. ज्वारीच्या मुलखात रोज कोणी गहू निवडत नाही, आणि त्या वर्षी तर लढाई संपूनही धान्यावरचा कंट्रोल सुटला नव्हता. पण आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरी सोडली होती.

कारण फुटबॉल. लागोपाठ तीन वर्षं जिंकल्याची ढाल आमच्या गावाकडं होती. दसऱ्याच्या सामन्यात ती नळदुर्गच्या टीमनं नेली, तेव्हा अप्पांनी भर माळावर जाहीर केलं, “ढाल परत येईस्तोवर ज्वारीची भाकरी तोंडात घालणार न्हाय!” लोकांना गहिवरून आलं. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, तेवढ्यात कळलं की त्यांनी जेवण सोडलेलं नाही, नुसती भाकरी सोडलीय. अव्वाचे गुडघे धरलेले, त्यामुळं चुलीपुढं मी. माझं सासर दोनच गल्ल्या पलीकडं होतं. सकाळी पोळ्या, संध्याकाळी पोळ्या, सणाला पुरण.

गोलात आमचे हे उभे राहायचे. शाळेत मास्तर होते. अप्पांनी स्थळ पसंत केलं ते पत्रिका बघून नव्हे, यांना चेंडू अडवताना बघून. तेव्हा हे अंगानं सडपातळ होते, आडवी उडी मारून चेंडू छातीशी धरायचे. लग्नानंतर जावयाचा मान सुरू झाला. अव्वा प्रत्येक घासावर तूप वाढायची. त्यात अप्पांची शपथ आली. “एकट्याला पोळी गिळवत न्हाय,” म्हणून ते रोज जावयाला जेवायला बोलवायचे. हेही नको म्हणायचे नाहीत.

त्या शुक्रवारी संध्याकाळी नळदुर्गहून सामना खेळून आमच्या गाड्या परत आल्या. बैलांच्या चालीवरूनच निकाल कळला. अप्पा आणि टीमचे कप्तान ओसरीवर टेकले. कप्तानांचा तेलाचा घाणा होता.

“किती झाले?” मी विचारलं.

“तीन,” अप्पा म्हणाले.

“अन् आपले?”

“देव तिकडं असल्यावर आपले कुठून होणार?”

आमचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. वर्षातले दहाएक महिने तो अणदूरला असतो, दोनेक महिने नळदुर्गला. नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात.

“अप्पा, पुढच्या करारात एक कलम घाला,” कप्तान म्हणाले. “देव तिकडं असंस्तोवर सामना न्हाय.”

“नळदुर्गवाले कशाला मानतील? त्यांचं लई मजेत चाललंय.”

“दसऱ्याला तर देव इथंच होता,” मी म्हणाले.

“तू गहू निवड,” अप्पा म्हणाले.

थोड्याच दिवसांनी देव परत आला. पुढच्याच शुक्रवारी आमच्या माळावर सामना ठरला. आता सबब उरली नव्हती, म्हणून सगळं गाव लोटलं. आम्ही बायका बाभळीखाली उभ्या होतो. पहिला गोल यांच्या दोन पायांतून गेला.

“मास्तर, वाका की जरा!” कोणीतरी ओरडलं.

“वाकतेत कसे? मधी सासुरवाडी आलीय!”

माळभर हशा पिकला. अप्पा मान खाली घालून धोतराचा सोगा चाचपत राहिले. नंतर आणखी तीन गोल झाले. चौथ्याला हे खाली बसले ते त्यांना दोघांनी धरून उठवलं.

“देव परवाच आलाय,” परत येताना एकजण म्हणाला. “वाटचालीनं दमला असंल.”

“देव दमलाय,” मागून एक म्हातारा म्हणाला, “मग मास्तर कशानं दमलेत?”

दिवेलागणीला अप्पा आणि हे पानावर बसले. अव्वानं तुपाची वाटी यांच्या पोळीवर उपडी केली, तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

“अप्पा, देवाला सोडा. गोलात दुसरा माणूस घ्या.”

“जावयाला बाजूला व्हा म्हणू?” अप्पा दबक्या आवाजात म्हणाले, जणू हे हातभर अंतरावर नव्हतेच. “गाव तोंडात शेण घालंल.”

“मग मी म्हणते. अहो, गोलातून उतरा.”

यांचा घास हातातच राहिला. “मामा म्हणतील तसं,” हे म्हणाले.

“जावईबापू म्हणतील तसं,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही दोघं असेच मान राखत बसा,” मी म्हणाले. “ढाल नळदुर्गला राहील, अन् गहू उद्यापुरताच आहे.”

यांनी घास ताटात ठेवला. “दिवाळीपासनं खाली वाकलं की दम लागतोय मला.”

“मग बोलला का न्हाईत?” मी विचारलं.

“मामांनी चेंडू धरताना बघून पोरगी दिली. गोल सोडतो, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “म्हणून काय पोरगी माघारी मागणार होतो व्हय मी?”

अव्वा पदर तोंडाला लावून हसायला लागली. हेही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दोनच पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोलकीपरचा निळा सदरा खुंटीवरून काढला. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घेऊन शिवला आणि घाण्यावर जाऊन कप्तानांच्या हातात दिला.

“हा कुणाच्या मापाचा?” त्यांनी विचारलं.

“जो वाकतो त्याच्या.”

त्यांनी सदरा दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि मेंढ्या राखणाऱ्या एका गड्याचं नाव घेतलं. मी बरं म्हणाले, आलेच होते म्हणून अच्छेर करडीचं तेल घेतलं आणि घरी येऊन पोळ्यांसाठी चूल पेटवली.