दोघांची एकच बाटली

दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे आणि तिचे सर्वेसर्वा म्हणजे माझे सासरे, गोटीरामआप्पा. पान पिवळं पडायची वाट ते बघत नाहीत. वेलीला काय कमी पडतंय ते कळावं म्हणून त्याआधीच पानांची देठं तपासायला लॅबला पाठवतात. बागेच्या चारी अंगांच्या वेलींवरून देठं खुडायची आणि एकाच पिशवीत भरायची, ही त्यातली रीत. कुणी एकाच वेलीवरून खुडली की आप्पा असे काही खेकसतात की मजूर त्यांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत.

आप्पांना बरीच वर्षं मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, साखर ताब्यात. यंदा छाटणी उरकल्यावर डॉक्टर स्नेहल म्हणाल्या, लघवीतलं अल्ब्युमिन तपासू. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की मूत्रपिंडातून हे प्रथिन झिरपतं, माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी.

"म्हंजी आमचं देठ तपासणंच की!" आप्पा खूश होऊन बाटली घरी घेऊन आले.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन वाढलेलं निघालं. घरात कुणाला जेवण गेलं नाही. डायलिसिसचं नाव कुणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच. डॉक्टरही कोड्यात पडल्या. साखर चांगली, बीपी चांगलं, मग हे कुठून आलं?

"नमुना कसा घेतलात, आप्पा?"

"रीतीनं घेतला, मॅडम. निम्मा माझा, निम्मा हिचा. एकाच चुलीवरचं खातो ना आम्ही."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई लंकाबाई! त्यांनीही चकार शब्द न काढता नमुना दिला होता. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या बाटल्या दिल्या.

आप्पांचा रिपोर्ट स्वच्छ आला. आईंचं अल्ब्युमिन भरपूर, आणि कधीच न तपासलेली रक्तातली साखर तर विचारूच नका. पायांची आग होते म्हणायच्या, पण स्वतःसाठी दवाखान्याची पायरी कधी चढल्या नव्हत्या.

"मूत्रपिंडं अजून नीट चालली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता कळलं, हे फार बरं झालं."

औषधं सुरू झाली, भाकरी मोजून मिळू लागली, त्यावरून रोज कुरबुरही झाली. पण त्या वेंधळेपणाला मी आजही मनातल्या मनात हात जोडते. नमुना नीट दिला असता तर आम्ही पेढे वाटले असते आणि आई आतल्या आत संपत गेल्या असत्या.

परवा पुन्हा तपासलं. अल्ब्युमिन निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, आईंनी एवढंच विचारलं, "म्हंजी मी हाय ना अजून?"

"आहात, आजी. गोळ्या चुकवू नका, खूप वर्षं आहात."

आप्पांनी डॉक्टरांना हात जोडले. काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना हुंदकाच फुटला. आईंनी सगळ्यांदेखत आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले.