फीत न कापलेला बाजार

पालिकेची अतिक्रमणाची गाडी येऊन गेली तेव्हा भाविका कॉलेजच्या लॅबमध्ये होती. संध्याकाळी ती दिवाळे गावातल्या घरी आली, तर आई ओटीवर रिकाम्या हातांनी बसलेली. विमलबाई आणि रिकामे हात, हे भाविकाने जन्मात पाहिलं नव्हतं.

"काटा नेला, पाटी नेली, कोलंबी गाडीत वोतली," विमलबाई म्हणाली. "वर तो गाडीवाला मना सांगतो, आजी, बाजूला व्हा. आजी! मी काय त्याची आजी हाय?"

लग्न होऊन आली तेव्हापासून विमलबाई सेक्टरातल्या त्याच कोपऱ्यावर मासळी विकत होती. तिच्या आधी तिची सासू बसायची. सासूच्या वेळी तिथे मिठागराच्या बांधाची पायवाट होती. फूटपाथ नंतर आला, आणि विमलबाई अतिक्रमण झाली.

भाविका घरातली इंजिनिअरिंगला गेलेली पहिली. शाळेत असताना नळजोडणीसाठी ती आईबरोबर वॉर्ड ऑफिसात गेली होती. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता दोघींना परत पाठवलं होतं. तो अपमान तिच्या अंगातून गेला नाही. म्हणूनच कॉलेजात 'नागरी नेतृत्व मंच' दिसल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात नाव दिलं. लोकांचे प्रश्न सोडवायचे, सार्वजनिक सेवेत पुढे येणारी माणसं घडवायची, असं तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. भाविकाने ते शब्दशः खरं मानलं. रविवारचे रविवार ती महापे भागातल्या रस्त्यांवर उघड्या गटारांचे फोटो काढत फिरली.

दुसऱ्या दिवशी मंचाची बैठक होती. विद्यापीठातल्या कॉलेजांमध्ये 'सेवा चषक' स्पर्धा चालू होती. पालिकेकडे टाकलेली तक्रार निकाली निघाली की गुण मिळायचे. अध्यक्ष आशुतोषने पडद्यावर दोन फोटो लावले. पहिल्यात छत्रीखाली पाटी घेऊन बसलेली एक बाई, डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली. दुसऱ्यात नुसता झाडलेला फूटपाथ.

"क्षिप्राची तक्रार. एका दिवसात क्लोज!"

टाळ्या पडल्या. डोळे झाकले म्हणून काय झालं? हिरव्या बांगड्यांचा तो हात भाविकाच्या ताटात रोज भात वाढत होता.

"ती माझी आई आहे," ती उभी राहून म्हणाली.

टाळ्या थांबल्या. आशुतोष ओशाळला. "अगं, आधी सांगायचंस ना! आपण दुसरा स्पॉट घेतला असता."

"दुसरा स्पॉट म्हणजे दुसऱ्या कुणाची आई?"

"पर्सनली नको घेऊस यार. लोकांना चालायला जागा नको?"

"हवी ना. त्याच फूटपाथवर पुढे शोरूमच्या गाड्या उभ्या असतात. त्यांचा फोटो का नाही काढला?"

क्षिप्रा खाली बघत म्हणाली, "काढला होता. ती तक्रार अजून पेंडिंग आहे. मग आशुतोष म्हणाला, फेरीवाल्यांची टाक, लगेच होते."

भाविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी हुशार पोरं, पण 'मावशी, तुम्ही इथे का बसता?' एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर चार पावलांवर होतं. पालिकेचा मासळी बाजार बांधून तयार होता. ओटे, नळ, मोरी, सगळं. दोन पावसाळे तो बंद पडून होता, कारण उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळत नव्हती.

तिने राग गिळला. "मंचाच्या नावाने त्या बंद मासळी बाजाराची तक्रार टाकू या. बाजार उघडला की फूटपाथ आपोआप मोकळा होईल."

आशुतोषने खरंच विचार केला. "पॉइंट बरोबर आहे गं. पण ही क्लोज नाही होणार. फायनलच्या तोंडावर पेंडिंग वाढलं तर आपला क्लोजिंग रेट पडेल. चषक झाला की बघू." मग त्याला काहीतरी सुचलं. "आणि ऐक ना, आईची स्टोरी स्टेजवर सांगशील? परीक्षकांना टच होईल."

"जिंका तुम्ही चषक," भाविका बॅग उचलत म्हणाली. "त्यात कोळंबी मावते का तेवढं बघा."

सकाळी ती कॉलेजला गेली नाही. आई, तिच्या शेजारी मासळी विकणारी चांगुणाबाई आणि कोपऱ्यावरच्या बाकी बायका उसन्या पाट्या घेऊन निघाल्या. भाविका त्यांच्या पुढे होती. बाजाराच्या फाटकाला साखळी नुसती गुंडाळलेली होती. तिने ती सोडली.

रखवालदार किसन धावत आला. "ओ मावशी, अजून उद्घाटन व्हायचंय!"

"तुमच्या सायबाला कात्री नाय गावत काय?" चांगुणाबाईने कमरेची कोयती पुढे केली. "ही घे. काप फीत."

किसनला हसू आलं, पण नोकरी आठवली. तो फोन लावू लागला.

"साहेबांना सांगा, फूटपाथ मोकळा केलाय," भाविका म्हणाली. "इथून उठवायचं असेल तर कुठे बसवणार ते लेखी द्या."

क्षिप्रा कोपऱ्यावरून शोधत फाटकाशी येऊन उभी होती. "मी आत येऊ?" तिने विचारलं. माफ करण्याइतकं भाविकाचं मन अजून निवलं नव्हतं. तिने बादली क्षिप्राच्या हातात दिली आणि धूळ बसलेल्या ओट्यांकडे बोट केलं.

ओटे धुऊन होतात न होतात तोच सोसायटीतले एक काका पिशवी घेऊन डोकावले. "अरे वा, उद्घाटन कधी झालं?"

"आताच," विमलबाई म्हणाली. "बोला, काय देऊ?"

किसनने फोन खाली केला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब म्हणतात, गाडी पाठवतो."

भाविका जाऊन फाटकात उभी राहिली. विमलबाईने मान वर केली नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "आदी ह्यांचे बोंबील साफ करू दे."