न भरलेली खाच

भाचा नागापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. परवा ड्यूटी संपवून तो थेट माझ्याकडेच आला, आणि दारात चपला काढत होता तोवरच मला त्याच्या शर्टाचा वास आला. भाजलेल्या वॉर्निशचा, थोडा गोडसर, थोडा नाकात चढणारा. मी म्हटलं, "आज आर्मेचरं भाजलीस का रे?" मग चहा पिता पिता त्याने मला समजावलं, की त्याच्या कारखान्यात गाड्यांचे निकामी झालेले भाग उघडून, धुऊन पुन्हा नव्याच्या तोडीचे करतात. त्याला रिमॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. तांबं वाचतं, लोखंड वाचतं, पृथ्वीवरचा भार हलका होतो. मी शहाण्यासारखी मान डोलावली. आता त्याला कुठे सांगत बसू, की बाबा रे, तुझ्या जन्माच्या आधी तुझी आत्या तरटाच्या पडद्याआड बसून हेच करत होती, आणि तेव्हा त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

लग्न होऊन मी केडगावात आले ती सत्तरच्या सुमारास. घर पुण्याच्या रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत सासऱ्यांचं वाइंडिंगचं दुकान, मागे आमचा संसार, मध्ये पडदा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे सोनईला शाळामास्तर. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. उरलो मी आणि मामंजी. ट्रकचा डायनामो जळला की नवा मिळणं मुश्कील. नाव नोंदवा आणि वाट बघत बसा. गाडी चालू असताना तिची बॅटरी भरत ठेवायची, ती हा डायनामो. त्याच्या पोटात खाचा पाडलेला लोखंडी गाभा असतो, आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेचे वेढे. तेच आर्मेचर. जळतात ते वेढे. लोखंड शाबूत असतं. मामंजी जळकी तार काढून नवी भरायचे. त्यांच्या हातचं काम कधी परत येत नाही, असं ट्रकवाले पार दौंडपर्यंत सांगायचे.

त्यांची काम करायची एक रीत होती. ते म्हणायचे, "जुनं फोडायच्या आधी वाचायचं." छापील माहिती कुणाकडे होती? जळक्या गुंडाळीतले वेढे एकेक करून सोडवायचे, मोजायचे, कुठल्या खाचेतून निघून कुठे जातात ते पाटीवर मांडायचं, आणि नवी तार अगदी तशीच घालायची. "त्यो मेला तरी खोटं बोलत न्हाई," असं ते त्या जळक्या आर्मेचरविषयी म्हणायचे, आणि मला हसू यायचं. मला त्या मोजण्याची गोडी लागली. दुपारी स्वयंपाक आवरला की मी जाऊन वेढे सोडवायला बसे. स्वेटर उसवावा तसं ते काम; घाई केली की गुंता. तार भरून झाली की खाचेच्या तोंडाशी बांबूची काडी बसवायची, म्हणजे वेढे बाहेर येत नाहीत, आणि वरून वॉर्निश पाजून भाजायचं, म्हणजे तार घट्ट बसते.

मग मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अजून पिकला नाही, थांबा, असं डॉक्टर म्हणाले. थांबा म्हणणं सोपं असतं. तार दिसेना, आणि गिऱ्हाईक तर त्यांच्या हातासाठी येणारं. एका दुपारी त्यांनी अर्धवट भरलेलं आर्मेचर माझ्या मांडीवर ठेवलं आणि पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून काम माझं, नाव त्यांचं. बाईच्या हातचा डायनामो कोण गाडीला लावणार होतं? मी भरलेल्या प्रत्येक खाचेवरून ते अंगठा फिरवायचे, आणि मगच माल बाहेर जायचा. तीन-चार महिन्यांनी अंगठा फिरवणंही थांबलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचे टँकर रस्त्यावर आले. एका टँकरवाल्याने जळलेला डायनामो आणला. "ही जुनी गाडी घेतल्यापासनं चार्जिंग जरा कमीच हाय बगा," तो जाता जाता म्हणाला. मी आतून ऐकलं आणि सोडून दिलं. जुने वेढे मोजले, एका खाचेत सहा निघाले. सहाच घातले. खाच ढिली वाटली, म्हणून जरा जाड काडी ठोकली. एकदा मनात आलं की मामंजींना विचारावं, पण जुनं खोटं बोलत नाही हे तर त्यांनीच शिकवलेलं. दुकानातल्या मोटरवर जोरात फिरवून पाहिलं, तर बल्ब लख्ख पेटला.

चौथ्या दिवशी टँकरवाला दुकानात उभा, आणि आवाज रस्त्यापर्यंत. "मिस्त्री, भर दुपारी इज्जत गेली माजी! पानी वाटलं, सेल्फ मारला, तर बॅटरी ठार. पान्याला आलेल्या बायकांनी हंडे खाली ठिवले आन् टँकर ढकलला. फुडच्या गावाला पानी न्ह्यायचं हुतं, तिथं रातीला पोचलो. लोकं सकाळधरनं बसल्याली."

मामंजींनी डायनामो उघडून आर्मेचर हातात घेतलं. अंगठा एका खाचेवर थांबला, दुसरीवर थांबला, आणि मला पडद्याआडून कळलं. खाच भरलेलीच नव्हती. कारखान्यातून येताना ती गच्च असते. आठ वेढे तरी असणार. म्हणजे ते जुनं वाइंडिंग मुळात कंपनीचं नव्हतंच. आधी कुणा कारागिराने तार वाचवून सहाच घातले होते, आणि मी त्याची चोरी मोठ्या इमानाने उतरवून घेतली होती. वेढे कमी असले तरी डायनामो जोरात फिरवला की चालतो. पण टँकर खेड्यातल्या रस्त्याने रांगत जातो, तेव्हा बॅटरी भरायची कशाने?

तार खराब निघाली, एवढंच मामंजींनी म्हणायचं होतं. सगळा बाजार तेच म्हणतो. मी पडदा मुठीत धरून मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, एवढं म्हणा. एकदा बिंग फुटलं की दुकान बसणार, आणि माझं हे काम सुटणार. खरं सांगायचं तर दुकानापेक्षा मला माझ्या कामाचीच भीती जास्त वाटत होती.

"सूनबाई, भाईर या," मामंजी म्हणाले.

मी पदर सावरून बाहेर आले.

"हे काम हिनं केलंय. सा म्हैने झाले, समदं हीच करतीया. मला दिसत न्हाई. खाच ढिली हुती, ती माज्या अंगठ्याला कळाया पायजे हुती. म्या हात फिरवला न्हाई. चूक माजी."

टँकरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मामंजींच्या डोळ्यांकडे पाहिलं. कपाळाचा घाम पुसला. "मंग बाई, उद्या सकाळपातुर व्हईल का?"

"जुन्याचं ऐकणार नाही आता," मी म्हटलं, "खाच भरेल तेवढी भरीन."

आठ वेढे बसले. सकाळी तो घेऊन गेला, आणि पुन्हा कधी तक्रार आली नाही.

गोड शेवटाच्या गोष्टीत इथे सगळे टाळ्या वाजवतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. बातमी आठवड्यात फुटली आणि निम्मं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. काही तर दारात येऊन, मला बघून परत फिरले. मामंजींनी उभ्या हयातीत कमावलेलं नाव माझ्यापायी एका दुपारी गेलं, असं मला तेव्हा वाटायचं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं. ते मात्र एका शब्दाने कधी बोलले नाहीत. पडदा तेवढा त्यांनी काढून टाकला.

त्या काळात भरलेलं एकही आर्मेचर आता कुठे फिरत नसेल. ते ट्रक भंगारात गेले, तांबं वितळलं, कुणास ठाऊक कशाकशात मिसळलं. पुढे मामंजी दुकानाच्या पायरीवर बसून असायचे, रस्त्याकडे तोंड करून. एकदा एक नवखा ट्रकवाला आला आणि त्यांनाच विचारू लागला, "मिस्त्री हायेत का?" मी आत वेढे मोजत होते. मामंजींनी मान न वळवता अंगठ्याने आत दाखवलं.

"आत बसल्यात मिस्त्री," ते म्हणाले.

मी आकडा विसरले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.