ओली जाळी

कयाधूकाठच्या भोईवाड्याशेजारी अंमलदारांनी सुटीतल्या मौजेसाठी बंगला बांधला आणि भोयांची जाळी वाळवायची जागाच कुंपणात घातली. ही उघड लूट होती! मी तसं पत्रक लिहून वाड्यात वाचलं. जाळ्याची गाठ दातानं ओढत एक म्हातारी म्हणाली, "बराबर हाय बाप्पा, पन काहून वरडून राहिला?"

ती स्वतः कधीच आवाज चढवत नसे. दुसऱ्या सकाळी ओलं जाळं घेऊन ती फाटकातून सरळ आत गेली. हिरवळीवर खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला म्हणाली, "साहेब, जरा पाय वर घ्या." त्यानं मुकाट घेतले. खुर्चीखालून तिनं जाळं पसरलं. शिपाई धावला. "वाळलं की उचलते, लेकरा."

तिसऱ्या दिवशी चार घरच्या बाया जाळी घेऊन आल्या. फाटक शिपायानंच उघडलं.