समोरून येणारी जाऊ

थोरलीचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या दिल्याच, वर रोज सकाळी चालायलाही सांगितलं. जन्मभर शिलाई मशीन चालवून शाळांचे गणवेश शिवलेली बाई ती. म्हणाली, "इतकी वर्षं माझे पाय काय मांडी घालून बसले होते?" पण सुनेनं काही ऐकलं नाही. तिनं पांढरे बूट आणले, सासूच्या पायात चढवले, नाड्या बांधल्या आणि दार उघडून उभी राहिली.

नदीकाठी नुकतीच बाग झाली होती. पूर्वी तिथे शहरभरचा कचरा पडायचा, लोक नाक दाबून जायचे. आता तिथे लाल फरशीची लांबट गोल वाट होती. तिची एक बाजू पाण्याला लागून, दुसरी वरच्या अंगाला रस्त्याखालून. झाडं अजून पोरसवदा, काठ्यांच्या आधारानं उभी. बाकांचा रंग हाताला लागत होता. नदीवरून गार वारा आला आणि थोरलीला बाग एकदम आवडून गेली. घरी मात्र कबूल करायचं नाही, असं तिनं ठरवलं.

अर्धी फेरी झाली असेल नसेल, तोच समोरून धाकटी जाऊ आली.

दोघी सख्ख्या जावा, पण बोलणं बंद होऊन जमाना लोटला होता. निमित्त एका कपाटाचं. एकत्र घर वेगळं झालं, तेव्हा सासूबाईंचं सागवानी कपाट थोरलीच्या वाट्याला आलं. पण ते होतं धाकटीच्या खोलीत आणि काही केल्या दारातून निघेना. आडवं केलं, तिरकं केलं, हमाल घामाघूम झाले. धाकटी म्हणाली, "दारच लहान आहे, त्याला मी काय करू?" थोरली म्हणाली, "आत जाताना बरं मोठं होतं!" झालं, शब्दानं शब्द वाढला. कपाट जागच्या जागी राहिलं, जावा मात्र एकमेकींच्या दारात पाऊल टाकेनाशा झाल्या.

दोघे भाऊ शहाणे. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर रोज चहाला भेटत आणि घरी आल्यावर बायकोसमोर तोंडात मिठाची गुळणी धरत.

तर त्या सकाळी थोरली नदीकडे बघू लागली आणि धाकटी आभाळाकडे. पण वाट गोल, दोघी उलट्या दिशेनं चाललेल्या. तोंड चुकवून पुढे जावं, तर थोड्या वेळानं तेच तोंड पुन्हा समोर. आठवडाभरात थोरलीला नदीत बघण्यासारखं काही उरलं नाही. शेवटी एका सकाळी तिनं दिशाच बदलली. आता धाकटी सारखी समोर यायची नाही म्हणून ती खुशीत निघाली, तर वळणावर धाकटी हजर! तिनंही नेमकी त्याच दिवशी दिशा बदलली होती. दोघींच्या कपाळाला एकदमच आठ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी थोरली एका झाडाआड थांबली. धाकटीला पुढे जाऊ दिलं आणि हळूच तिच्या मागून चालू लागली. पण हे दुखणं त्याहून वाईट निघालं. धाकटीनं बाजारातून तयार पँट आणलेली, वीतभर लांब. एका पायाची दुमड उसवून बुटाखाली येत होती. थोरलीचे हात शिवशिवले. किती लांब टाके ते, आणि दोरा एकेरी! आपल्याला काय त्याचं, असं तिनं स्वतःला चारदा बजावलं. तेवढ्यात पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आल्या. धाकटीचा बूट दुमडीवर पडला, ती झोकांडली आणि तिनं कठडा धरला.

"अगं, थांब! पाय उचलू नकोस!" थोरली ओरडली.

धाकटी पुतळ्यासारखी उभी राहिली. मान वळवून म्हणाली, "मला म्हणताय?"

"नाही, नदीला! चल, बस त्या बाकावर. पाय वर घे."

कुर्त्याच्या गळ्याशी दोरा गुंडाळलेली सुई टोचून ठेवायची थोरलीची सवयच. ती सुई काढून तिनं दुमड घालायला घेतली.

धाकटी चुळबुळली. "लोक बघतायत हो, जाऊबाई."

"बघू देत. तू हलू नकोस. टोचलं, तर पुन्हा जन्मभर बोलायची नाहीस."

धाकटी खुदकन हसली. मग जरा वेळानं म्हणाली, "ते कपाट..."

"त्याचं नाव काढू नकोस."

"काढू द्या हो. त्याचं दार धड लागत नाही. रात्रभर करकरतं, ह्यांची झोप मोडते. कितीदा वाटलं, तुमच्याकडे पाठवून द्यावं. पण निघत नाही ना दारातून!"

थोरलीची सुई थांबली. "म्हणजे ते खरंच निघत नाही?"

"तुमची शप्पथ! कपाट आधीचं, दार मामंजींनी नंतर बसवलेलं."

"मग सुताराकडून खोलून घ्यायचं, हे आपल्याला कसं सुचलं नाही गं?"

"मला सुचलं होतं," धाकटी म्हणाली. "पण तुम्ही जे बोललात, ते फार लागलं होतं. म्हटलं, बसू दे इथेच."

थोरलीनं दोरा दातानं तोडला. "लागेल असंच बोलले मी," ती म्हणाली. मग स्वतःशीच आधी गालात आणि मग चांगली खदखदून हसली. धाकटीही हसू लागली. पलीकडे व्यायाम करणारे आजोबा हात वर तसेच धरून बघत राहिले.

उरलेली फेरी दोघींनी बरोबरच घातली. धाकटीचं तोंड एकदा सुटलं ते थांबेना. मुलीचं बाळंतपण, ह्यांचं वाढलेलं पोट, शेजाऱ्यांची कटकट. थोरली "हं", "मग?" करत चालत राहिली. गुडघ्यांची आठवण तिला घरी येऊन बूट काढताना झाली.

"आज उशीर झाला?" सुनेनं विचारलं.

"बाग मोठी आहे," थोरली म्हणाली आणि मशीनवर बसली. मशीनच्या खडखडाटात ती गुणगुणतेय, हे सुनेला अगदी स्वयंपाकघरात ऐकू आलं.

आता रोज सकाळी जी आधी येईल तिनं फाटकाशी थांबायचं, असं ठरलंय. फेऱ्या पूर्वीपेक्षा कमी होतात, कारण धाकटीला बोलताना थांबून हात हलवायला लागतात. आणि पाण्याकडच्या अंगानं कुणी चालायचं, यावरून दोघींचं भांडण रोज होतंच.