हत्तीच्या पाठीमागची मुलगी

रेमिहिओच्या पायाला भिंगरी आहे. भर दुपारी आमचा जिना दणदणला की समजावं, स्वारी पोस्टरं शोधायला निघाली. जुनी, सिनेमाची, रेशमी जाळीवर शाई ओढून हाताने छापलेली. एके काळी हवानाच्या चौकाचौकात ती लागायची, आणि उतरली की आम्ही बायका त्यांची मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायचो. या पापाची रेमिहिओने मला अजून माफी दिलेली नाही.

गेल्या वर्षी तर त्याने ताळच सोडला. त्याची बायको ओदालिस काचबिंदूने आंधळी होत चालली होती. तरुणपणी ती छापखान्यात दुसऱ्यांच्या चित्रांचे साचे कापायची. एकच पोस्टर पहिल्या रेघेपासून तिचं स्वतःचं होतं, वेणी घातलेली मुलगी. छपाई झाली आणि ओदालिस बाळंतपणासाठी घरी बसली ती बसलीच. ते पोस्टर पुढे कुठे लागलेलं कुणी पाहिलं नाही.

"नजर आहे तोवर तेवढं एकदा बघायचंय," ती म्हणाली.

मग काय! रेमिहिओने न्हाव्यांची दुकानं, बंद थिएटरं, लोकांच्या कपाटांचे खणसुद्धा पालथे घातले. मी कॉफी दिली तर उभ्याउभ्या घोट घेऊन पळायचा. शेवटी छापखान्यातला म्हातारा इदेल्फोन्सो भेटला.

"वेणीवाली? अरे, तो सिनेमा आलाच नाही. कागदाची बोंब होती. आम्ही गठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला दुसऱ्या सिनेमाचा निळा हत्ती छापला."

रेमिहिओ घरी आला तो थेट भिंतीवरच्या हत्तीपुढे जाऊन उभा राहिला. निळा हत्ती म्हणजे त्याच्या संग्रहाचा राजा, शहरात दुसरा नाही. तो त्याने स्वतःच्या हाताने, जन्मात सुटू नये म्हणून, सुताराच्या गोंदाने प्लायवूडवर चिकटवला होता. मागे काहीतरी रंगीत दिसलं होतं म्हणे. पण त्या दिवसांत कुठला कागद मागून कोरा असायचा? बघतो कोण!

म्हणजे मुलगी फळीकडे तोंड करून चिकटलेली. आता ती हवी तर समोरून हत्ती भिजवून, चोळून काढायचा. कागद जाईल, गोंदाला धरलेली शाई राहील.

"मायरा, काय करू गं?" त्याने मला विचारलं.

"वेडा की खुळा तू? असला हत्ती कुणी मोडतं का? अजून शोध, सुटं मिळेल एखादं."

माझं ऐकून तो आणखी तीन आठवडे वणवण फिरला. घरी आला की हत्तीसमोर येरझाऱ्या. मग एका सकाळी ओदालिसने कॉफी कपाच्या बाहेर ओतली, आणि कप भरला असं समजून त्याच्यापुढे सरकवला. रेमिहिओने हत्ती भिंतीवरून उतरवला.

दुपारपर्यंत हत्तीचा निळा लगदा बादलीत पडला होता. फळीवर मुलगी उरली होती, उलटी उमटलेली, पण अख्खी.

ओदालिसने फळीला नाक लावलं. बराच वेळ ती तशीच होती. मग बोटं फिरवू लागली. त्या शाईचा थर जाड, कड हाताला लागते.

"ही वेणी. आणि इथे माझी सुरी घसरली होती, हात लाव ना." ती हसली.

"पण दिसते का तुला, ओदा?"

"मागच्या महिन्यात दिसली असती रे," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

रेमिहिओने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी बादली उचलली आणि जिना उतरले.