घरचा सेट

बंदरावर सगळे त्याला खरखऱ्या म्हणत. दुकानात कुठला ना कुठला रेडिओ सदा उघडा पडलेला आणि खरखरत असलेला, म्हणून हे नाव. बायकोचं म्हणणं, नवरा झोपेतही खरखरतो, तेव्हा नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नाही. माणूस तिरसट. गिऱ्हाइकाने घाई केली की सोल्डरिंग गन खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "मग तूच कर की." गिऱ्हाईक मुकाट बसायचं, कारण ते काम त्याच्याशिवाय बंदरावर कुणाला येत नव्हतं.

पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी मोडीत काढलेले वायरलेस सेट तो भंगारातून उचलायचा आणि हवामानाच्या उपग्रहाचा सिग्नल पकडतील असे करून द्यायचा. उपग्रह डोक्यावरून जाऊ लागला की सेटमधून घड्याळासारखी टकटक यायची. ती जुन्या लॅपटॉपमध्ये सोडली की पडद्यावर ओळीमागून ओळ चित्र उतरायचं. समुद्र काळा, ढग पांढरे. खोल पाण्यात बंदराचा वायरलेस पोहोचत नसे, तिथे बोटवाल्यांना एवढाच काय तो आधार. "पांढऱ्यापासून लांब, काळ्याकडे चला," हे वाक्य तो प्रत्येकाकडून दोनदा म्हणवून घ्यायचा.

धाकट्या बहिणीचा नवराही बोटवालाच. मेहुण्याने सेट मागितला तेव्हा खरखऱ्याने हातातली कामं बाजूला सारून तो जोडून दिला. फक्त एक गोष्ट राहिली. हे जुने सेट माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेले, त्यांच्यातला फिल्टर अरुंद असतो. राखाडी ढग त्यातून नीट येतात. पण जे सगळ्यात पांढरं, ते त्यात मावत नाही, सिग्नल फाटतो आणि चित्रात तिथे काळं पडतं. म्हणून रुंद फिल्टर बसवावा लागतो. "तोवर चालवा, एक बारीकसा भाग बदलायचाय, पुढच्या खेपेला करू," तो म्हणाला. कुठला भाग, कशासाठी, हे मेहुण्याने विचारलं नाही. "घरचंच दुकान आहे, पळून कुठे जातंय?" म्हणून तो हसला. पुढे आभाळ साधंच राहिलं, चित्रं झकास येत गेली, आणि ती गोष्ट दोघांच्याही डोक्यातून गेली.

मेहुण्याची बोट बाहेर असताना एका दुपारी दुकानातल्या सेटवर चित्र उतरू लागलं. खालच्या कोपऱ्यातून ढगांचा भोवरा वर येत होता, मधोमध चुन्यासारखा पांढरा. खरखऱ्याला आधी बरंच वाटलं. सगळ्यांकडे सेट आहेत, सगळे वेळेवर बाजूला होतील. मग त्याला तो राहिलेला फिल्टर आठवला. मेहुण्याच्या पडद्यावरही आत्ता हेच चित्र उतरत होतं. त्यात कडेने ढग दिसत असणार, आणि मधोमध मोकळा समुद्र.

त्याने वायरलेसवर घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बंदराच्या ऑफिसला फोन केला. "कळवतो," ते म्हणाले. पण कळवणार कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात बहीण धापा टाकत आली. "दादा, वादळ येतंय म्हणतात. खरं का?"

त्याने पडद्याकडे हात केला. तिने चित्र पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. "पण ह्यांच्याकडेही तुझाच सेट आहे ना? म्हणजे ह्यांनाही दिसलं असेल. वळवली असेल बोट."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, आणि ती हलवायचा मोह त्याला झालाही.

"नाही," तो म्हणाला. "त्याच्याकडे हे काळं दिसत असेल."

"म्हणजे मोकळं?"

"हो."

तिने चुन्यासारख्या त्या भागावर बोट टेकलं. "इथे?"

"तिथेच."

"आणि ते तिकडेच जातील. तू सांगितलंस म्हणून."

त्याने वायरलेसवर पुन्हा एक हाक मारली, नुसती खरखर आली.

"असं कसं झालं रे?"

"एक फिल्टर बदलायचा राहिला."

"राहिला म्हणजे?"

त्याने डोकं धरलं. ती स्टुलावर बसली आणि दुसरा उपग्रह येईपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. ती रडली नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

वादळ गेलं. बाकीच्या बोटी एकेक करून परतल्या. चित्र पाहून त्यांनी आधीच वाट बदलली होती. मेहुण्याच्या बोटीच्या फळ्या सापडल्या, त्या नेमक्या त्याच भागात.

बोटवाले बहिणीच्या घरी जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत, काहीजण भिंतीला टेकून उभे राहिले. कुणीतरी सुस्कारा टाकला, "खरखऱ्याचा सेट होता तरी गेला. मग आपल्या हातात आहेच काय?"

हे मात्र त्याला ऐकवेना. त्याने उठून सगळं सांगून टाकलं, फिल्टर, फाटलेला सिग्नल, पांढऱ्याचं काळं. आता कुणीतरी अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं. आलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण एक थोराड बोटवाला चाचरत म्हणाला, "माझ्यातला बदललायस ना रे?"

"आणि माझ्यातला?" भिंतीकडून दुसरा.

"सगळ्यांच्यातले बदललेत," तो म्हणाला. "फिल्टर आले की आधी गिऱ्हाइकांचे बसवले. म्हटलं, घरचा काय, मागाहून करू."

बहीण आतल्या दाराशी उभी होती. घरात एवढी माणसं असताना ती पहिल्यांदाच बोलली.

"मागाहून कधी, दादा?"